सड्याखालच्या पोकळीची नोंद कोण घेणार?

२००६ च्या एप्रिलमधली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यात पावसच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, माझी चिरेखाण होती. जांभा कापताना पात्याचा एक घोगरा, भरलेला आवाज येतो. खाणीत वर्षं काढलेल्या माणसाला तो झोपेतही ओळखता येतो. त्या सकाळी दहाच्या सुमारास तो आवाज एकदम पातळ झाला. कामगाराने मशीन थांबवलं आणि मला हाक मारली, "मालक, खाली पोकळ आहे."

दोन ओळी चिरे बाजूला केल्यावर सुपाएवढं तोंड उघडलं. बाहेर सडा तव्यासारखा तापलेला आणि आतून गार वारा थेट तोंडावर येत होता. पाठोपाठ दहाबारा वटवाघळं भर उन्हात बाहेर पडली आणि सैरभैर होऊन काजूच्या झाडांकडे गेली. मी पोटावर झोपून आत बॅटरी मारली. माणूस वाकून उभा राहील एवढी उंची होती. प्रकाश पोचत होता तिथपर्यंत पंचवीसेक फूट लांबी, आणि पुढे वळण. भिंती मधाच्या पोळ्यासारख्या जाळीदार. छतातून केसांसारखी मुळं लोंबत होती, म्हणजे वरच्या झाडांना ही जागा माझ्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक होती. जमिनीवर मऊ, बारीक, कोरडी माती. आणि वळणापलीकडून पाण्याचा आवाज येत होता, एप्रिलमध्ये.

मला त्या दिवशी एवढंच दिसलं की काम अडलंय आणि ट्रक उभा आहे. दोन दिवसांनी मी त्या पोकळीत अकरा डंपर भरून तुटके चिरे आणि चुरा टाकला, वरून सपाट करून घेतलं आणि बाजूला मशीन पुन्हा लावलं.

जुलैत खालच्या वाडीतल्या एक काकी खाणीवर आल्या. डोक्यावर इरलं, पायात चिखल. म्हणाल्या, "दादा, झऱ्याचं पाणी तांबडं येतंय. आमच्या सासूच्या काळापासून असं कधी झालं नाही." मी त्यांच्याबरोबर उतरून गेलो. दगडी बांधणीचा जुना पाणवठा, त्यावर फुलं वाहिलेली. ओंजळीत पाणी घेतलं तर बोटांच्या रेषांत लाल गाळ बसला. तो चुरा मी रोज अंगावर घेऊन घरी जात होतो, मला तो ओळखायला कुणाची गरज नव्हती. गणपतीपर्यंत ते पाणी तसंच येत राहिलं. पुढच्या वर्षी तो झरा होळीनंतर आटला. आधी तो मिरगाचा पाऊस पडेपर्यंत वाहायचा.

जमिनीखालच्या पाण्याची वाट शोधायला भूजलाचे अभ्यासक मुद्दाम रंग सोडतात आणि तो कुठे उमटतो ते पाहतात. माझ्या हातून तो प्रयोग नकळत झाला. त्याची किंमत वाडीने मोजली. त्यानंतर बारा वर्षं मी खाण चालवली आणि आणखी चार वेळा अशा पोकळ्या लागल्या. त्या मी बुजवल्या नाहीत, बाजू सोडून दिली. पण त्या लागल्या हे सांगायला जाण्यासारखी जागा मला सापडली नाही. परवान्याच्या कागदावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, किती ब्रास चिरा काढणार ते असतं, रॉयल्टी असते. खाली काय निघालं, हे लिहायला मला कुणी कधी रकाना दिला नाही. त्यासाठी हा लेख.

आधी ही पोकळी होते कशी ते सांगायला हवं, कारण शाळेत आम्हाला गुहा म्हटलं की अजिंठा आणि वेरूळ एवढंच शिकवलं. आपल्या पायाखाली खोल आहे तो काळा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी लाव्हाचे थरावर थर ओतले, त्याचा हा खडक. त्यावर लाखो वर्षांचा पाऊस आणि ऊन पडून तो कुजला. पाण्यात विरघळणारं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने केरळातल्या अंगडिपुरम इथे हा दगड पाहून त्याला लॅटराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधतात हे त्याने पाहिलं होतं. माझे वडील गवंडी होते, ते सांगायचे, चिरा खाणीत मऊ आणि भिंतीत कडक. ते अगदी खरं आहे. उघड्यावर आला की जांभा घट्ट होत जातो, म्हणून सड्याचा माथा लोखंडासारखा असतो आणि त्याच्याखालचा थर ठिसूळ.

जांभ्याखाली आणि बसाल्टच्या वर चिकट, पांढरट मातीचा थर असतो. पाऊस सड्याच्या भेगांतून, जाळीतून आत उतरतो आणि त्या मातीवर येऊन अडतो. मग आडवा वाहतो. वाहताना मऊ माती घेऊन जातो. नळी होते, नळीची घळ होते, घळीची गुहा होते. सड्याच्या कडेला जिथे ती वाट उघडी पडते तिथे झरा. झरा आहे तिथे वाडी, पोफळी आणि देऊळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांचा नकाशा या न दिसणाऱ्या नळ्यांनी आखलेला आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. कारण सगळं पाणी धरून ठेवण्याचं काम या जाळीदार दगडाने करायचं असतं, आणि त्याच्या पोकळ्या आम्ही चुऱ्याने भरतो, खोदून उघड्या टाकतो किंवा त्यांच्यावर सिमेंट ओततो.

हे पाणी किती गूढ वाटेने फिरतं ते पाहायचं तर राजापूरला उन्हाळ्याच्या गंगेवर जावं. उन्हाळे हे गावाचं नाव, तिथे गरम पाण्याचा झराही आहे. त्याच्याजवळ चौदा कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी त्यांत एकाएकी पाणी येतं, काही काळ राहतं आणि निघून जातं. अलीकडे तो हिशेब चुकू लागला आहे, कधी लवकर, कधी उशिरा. गंगा आली म्हटलं की आजही एसट्या भरून माणसं येतात. मी लहानपणी आजीबरोबर गेलो होतो. सगळी कुंडं एका अंगणात असूनही प्रत्येक कुंडातलं पाणी हाताला वेगळं लागतं, एवढं मला नक्की आठवतं. जमिनीखाली एखादी पोकळी हळूहळू भरते आणि काठोकाठ आली की वक्रनळीसारखी एकदम रिकामी होते, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. ते मान्य करा किंवा गंगामाई आली म्हणा. दोन्ही अर्थांनी त्या जागेच्या आसपास सुरुंग लावायला कुणी धजणार नाही. माझ्या खाणीखालचं पाणीही त्याच जातीचं होतं. त्याला देवीचं नाव मिळालेलं नव्हतं, एवढाच फरक.

ज्या जागांना असं देवाचं नाव मिळालं, त्या वाचल्या. संगमेश्वर तालुक्यात मारळजवळ सह्याद्रीच्या कुशीत मार्लेश्वर आहे. पायऱ्या चढून गेलं की गुहेत शंकराची पिंडी, समईचा उजेड, आणि कपारींत साप. संक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी मार्लेश्वराचं लग्न लागतं तेव्हा माणसांचा पूर लोटतो, आणि तरी आत विजेचा दिवा नको हे सगळे पाळतात. दापोली तालुक्यात दाभोळला चंडिकादेवीचं स्थान असंच जमिनीच्या पोटात. वाकून आत शिरायचं, तेलाच्या दिव्याच्या उजेडात भिंतीला हात लावत पुढे जायचं. आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही, मग हळूहळू डोळे सरावतात आणि देवी दिसू लागते. मला तो क्षण फार मोठा वाटतो. कुठल्याही सरकारी फलकाशिवाय, शिक्षेच्या भीतीशिवाय, पिढ्यान् पिढ्या लोकांनी तिथला अंधार राखला. अंधार राखला म्हणून आतला गारवा राहिला, ओल राहिली, साप राहिले.

दापोली तालुक्यातल्याच पन्हाळेकाजीची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते, कारण तिथे माणसाच्या हाताने दगड कापलाय. कोटजाई नदीच्या काठाला बसाल्टमध्ये एकोणतीस लेणी. सुरुवातीची, तिसऱ्या-चौथ्या शतकांतली, हीनयान बौद्धांची. पुढे तिथे वज्रयानी आले, त्यांनी महाचंडरोषण या देवतेची मूर्ती घडवली. मग शिलाहारांच्या काळात शिव आला, गणपती आला. शेवटी नाथपंथीय आले, आणि थोड्या अंतरावरच्या गौर लेण्यात नाथसिद्धांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. हजार वर्षं एकाच दगडात एकामागून एक माणसं येत राहिली आणि आधीच्याचं मोडून न टाकता आपलं कोरत राहिली. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा कसून अभ्यास केला. तिथे मिळालेला शिलाहार विक्रमादित्याचा शके १०६१ चा, म्हणजे ११३९ सालचा ताम्रपट त्यांनी वाचला, त्यातलं 'प्रणालक' म्हणजेच पन्हाळे हे दाखवलं, आणि १९८६ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने त्यांचा ग्रंथ छापला. चिरा कापणारा माणूस म्हणून मी त्या भिंतींवरून हात फिरवलाय. आमचं पातं मिनिटात जेवढं कापतं, तेवढं कापायला त्या माणसाला छिन्नी आणि हातोडीने किती दिवस लागले असतील, हा विचार मनातून जात नाही. काठावरच्या गावांतल्या पिढ्यांना ही लेणी ठाऊक होतीच. पण देशाला ती कळली ती नोंद झाल्यावर. माझं म्हणणं नेमकं एवढंच आहे.

नोंदीने काय होतं हे रत्नागिरीने आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. सड्यावरची कातळशिल्पं गुराख्यांना माहीत होती, त्यांना कुणी पांडवांचं चित्र म्हणायचं, कुणी नुसताच कातळावरचा खेळ. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना, गुरं राखणाऱ्या पोरांना विचारत ही चित्रं शोधली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. या फिरणाऱ्या माणसांनी केलं काय? विचारलं, पाहिलं, मोजलं, लिहून ठेवलं. त्यांच्याआधी किती चित्रं आमच्यासारख्यांच्या मशीनखाली गेली असतील, हा हिशेब मी अनेक रात्री केला आहे.

ती चित्रं कोरणारी माणसं पावसाळ्यात राहत कुठे होती? गुहागर तालुक्यात पालशेतजवळ सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. शेजारच्या सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं, तिथेही हत्यारं निघाली. हे वाचलं त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर ती मऊ, बारीक, कोरडी माती आली. गुहेतली अशी माती म्हणजे थरावर थर रचलेलं जुनं बाड असतं. मी ते उघडलंसुद्धा नाही, त्याच्यावर अकरा डंपर ओतले. त्या मातीत काय होतं हे आता कुणालाही कळणार नाही.

आणि जिवंत काय होतं? केरळातही आपल्यासारखाच जांभा आहे. तिथल्या विहिरींतून होराग्लॅनिस नावाचे आंधळे, रक्तासारखे लाल, बोटाएवढे मासे निघतात. जांभ्यातल्या पाण्यातच त्यांचा जन्म आणि मरण. पहिला मासा कोट्टयमच्या विहिरीत सापडला आणि १९५० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. आज तिथे घरोघरचे लोक विहीर उपसताना, टाकी धुताना असा मासा आला की फोटो काढून संशोधकांना कळवतात, आणि त्यातून नव्या जाती पुढे येतात. अंगडिपुरमचा तो जांभाही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे. आपल्या सड्यांच्या पोटात असं शोधायला माणसं उतरली पाहिजेत. माझ्या पोकळीतून आवाज येत होता त्या पाण्यात बादली सोडून पाहायला मला अर्धा तास लागला असता.

माझ्या धंद्यातल्या मित्रांना मी हे बोललो तेव्हा त्यांची भीती एकच होती: नोंद केली की खाण बंद. ही भीती खोटी नाही. चिरेखाणीवर इथल्या हजारो घरांची चूल पेटते. विजापूर-बागलकोटकडून येणारे कामगार, ट्रकवाले, गवंडी, सगळे तिच्यावर जगतात. मी स्वतः त्याच पैशांत मुलांना शिकवलं. खाणी बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांना आधी चिऱ्याचं स्वतःचं घर पाहायला सांगेन. माझा अनुभव असा की पोकळीभोवतीची जागा सोडली तर नुकसान थोडंच होतं. पोकळीजवळचा दगड तसाही जाळीदार निघतो, चिरा तुटतो, गिऱ्हाईक घेत नाही. चार वेळा मी बाजू सोडली, खाण चालूच राहिली.

दुसरी भीती माझी स्वतःची आहे आणि ती उलट्या बाजूची. गुहा कळली की पर्यटन आलं, आणि पर्यटन आलं की रंगीत दिवे, टाइल्स, रेलिंग, प्लास्टिकची पाण्याची बाटली. जांभ्याच्या गुहेचं छत ठिसूळ असतं, ते माणसांच्या गर्दीसाठी बनलेलं नाही. दक्षिण कोरियात जेजू नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. तिथली मानजांगगुल ही लाव्हाची नळी सात किलोमीटरहून लांब आहे, जागतिक वारसा आहे, जगभरातून माणसं येत राहिली. त्यांनी लोकांसाठी उघडला तो साधारण एक किलोमीटर. बाकीचा अंधार अंधारच ठेवला. गाजलेल्या जागेला हे जमतं, तर आपल्याकडे ज्या जागांचं अजून नावही झालेलं नाही तिथे ते सहज जमेल. मार्लेश्वरला आणि दाभोळला आपल्या आजोबा-पणजोबांनी ते करून दाखवलंच आहे.

सड्यांवर आता मोठमोठी कामं येत आहेत. बारसूच्या सड्याचं नाव रिफायनरीच्या वादात देशभर पोचलं. त्या वादात कुणाची बाजू काहीही असो, सड्याच्या वरच्या जमिनीवर जेवढं बोललं गेलं त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही तिच्याखालच्या पोकळ्यांवर बोललं गेलं नाही. कोकण रेल्वेने उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा काढला तेव्हा डोंगराच्या पोटाचा मीटर न् मीटर हिशेब ठेवला गेला असणार, कारण गाडी जायची होती. पाणी जातं त्या वाटेचा हिशेब तेवढ्याच काळजीने ठेवला पाहिजे.

जिल्हा प्रशासनाकडे माझं मागणं साधं आहे. जांभा गौण खनिज आहे, राज्याचे २०१३ चे नियम त्याला लागू आहेत. परवान्यात एक अट घाला: खोदताना पोकळी किंवा वाहतं पाणी लागलं तर तेवढ्या जागी काम थांबवून तलाठ्याला कळवायचं, ती बुजवायची नाही, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाने येऊन पाहिल्याशिवाय पुढे कापायचं नाही. पाहायला येण्याची मुदत सात दिवसांची असू द्या, म्हणजे खाणमालक लपवणार नाही. कळवणाऱ्याला दंड नको, बुजवणाऱ्याला हवा. महामार्गाच्या आणि इमारतींच्या कामांनाही हीच अट.

गावांना मात्र सरकारची वाट पाहायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती कपाटातून बाहेर काढा. आपल्या हद्दीतली प्रत्येक घळ, कपार, वाघबीळ, वटवाघळांची गुहा, बारमाही झरा तिच्यात लिहा. कुठे आहे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं, आत काय राहतं, गावात त्याला काय म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, कारण त्यांच्याबरोबर ही नावं जातील. आत उतरू नका, पोरांना उतरू देऊ नका, तोंडाशी उभं राहून लिहा.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. माझ्या जुन्या खाणीचा गट नंबर, पोकळीची जागा, तिची मापं आणि मी तिच्यात काय टाकलं हे एका कागदावर लिहून मी सरपंचांकडे देणार आहे. आमच्या गावच्या नोंदवहीतली गुहेची ती पहिली नोंद असेल.